आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

1 डिसेंबर 2025. डोनाल्ड ट्रम्प यांनी होंडुरासचे माजी राष्ट्राध्यक्ष हुआन ऑर्लांडो हर्नांडेझ यांना माफी दिली. न्यूयॉर्कच्या ज्युरीने मार्च 2024 मध्ये या गृहस्थांना कोकेनच्या तस्करीत दोषी ठरवलं होतं आणि जूनमध्ये त्यांना 45 वर्षांची शिक्षा झाली होती. चारशे टनांहून अधिक कोकेन अमेरिकेत पोचवायला त्यांनी हातभार लावला, असं अमेरिकेच्याच सरकारी वकिलांनी न्यायालयात मांडलं होतं. माफीवर सही झाली आणि तुरुंगाचं दार उघडलं.

3 जानेवारी 2026. अमेरिकी विमानांनी काराकासवर हल्ला चढवला. सैनिकांनी व्हेनेझुएलाचे सत्ताधीश निकोलस मादुरो आणि त्यांच्या पत्नी सिलिया फ्लोरेस यांना उचललं आणि न्यूयॉर्कला नेलं. आरोप कोकेनच्या तस्करीचा. खटला त्याच न्यायालयात, जिथे हर्नांडेझ दोषी ठरले होते.

दोन घटनांत जेमतेम महिन्याचं अंतर आहे. ज्याचा गुन्हा शाबीत झाला तो सुटला. ज्याचा व्हायचा आहे, त्याच्यासाठी एका देशाच्या राजधानीवर बॉम्ब पडले.

मादुरो यांची बाजू घेण्याचं काहीच कारण नाही. त्यांनी 2024 ची निवडणूक लाटली, विरोधकांना तुरुंगात डांबलं, आणि त्यांच्या राजवटीत सत्तर लाखांहून जास्त माणसांनी देश सोडला. पण कारवाईला आधार दिला गेला ड्रग्जचा, आणि त्याच दिवशी पत्रकारांसमोर ट्रम्प बोलू लागले ते व्हेनेझुएलाच्या तेलाबद्दल. हर्नांडेझ यांची माफी जाहीर झाली तीसुद्धा होंडुरासच्या निवडणुकीला दोन दिवस उरले असताना. त्यांच्याच पक्षाच्या उमेदवाराला ट्रम्प यांनी उघड पाठिंबा दिला होता. तोच उमेदवार विजयी घोषित झाला.

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. अमेरिकेचं शेजाऱ्यांबाबतचं अमली पदार्थविरोधी धोरण गेली पंचावन्न वर्षं या एका न्यायाने चाललं आहे.

निक्सन यांनी जून 1971 मध्ये नशेला देशाचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू ठरवलं. 1973 मध्ये डीईए ही अमली पदार्थविरोधी यंत्रणा उभी राहिली. तेव्हापासून अध्यक्ष बदलले, पक्ष बदलले, पण लढाईची जागा बदलली नाही. नशा करणारं गिऱ्हाईक अमेरिकेत, त्याचा पैसा अमेरिकेत, टोळ्यांच्या हातातल्या बंदुका अमेरिकेच्या दुकानातल्या. प्रेतं मात्र मेक्सिकोत, कोलंबियात, होंडुरासमध्ये.

* * *

बोटींपासून सुरुवात करू.

2 सप्टेंबर 2025 रोजी अमेरिकेने कॅरिबियन समुद्रात एक बोट उडवली. अकरा माणसं मेली. पहिल्या हल्ल्यातून दोघे वाचले होते, बोटीच्या अवशेषांना धरून होते. त्यांच्यावर दुसरा हल्ला झाला. वर्ष संपेपर्यंत अशा तीसहून अधिक बोटी उडवल्या गेल्या आणि मृतांचा आकडा शंभराच्या वर गेला.

या बोटींवर काय होतं, हे कोणत्याही न्यायालयासमोर आलं नाही. माल समुद्रात गेला, माणसं समुद्रात गेली, पुरावाही समुद्रात गेला. आधी अमेरिकेचं तटरक्षक दल अशा बोटी अडवायचं, झडती घ्यायचं, माल जप्त करायचं, माणसांना न्यायालयात उभं करायचं. कोकेनची बोट चालवली म्हणून अमेरिकेतलं कोणतंही न्यायालय कुणाला मृत्युदंड देत नाही. इथे मात्र चौकशीआधीच शिक्षा झाली.

ऑक्टोबरमधल्या एका हल्ल्यातून दोघे जिवंत सापडले. एक कोलंबियाचा, दुसरा इक्वेडोरचा. अमेरिकेच्या म्हणण्याप्रमाणे हे दहशतवादी. त्यांच्यावर खटला भरायची आयती संधी होती. अमेरिकेने त्यांना आपापल्या देशात पाठवून दिलं. इक्वेडोरच्या सरकारी वकिलांनी आपल्या नागरिकाला सोडून दिलं, कारण त्याच्याविरुद्ध पुरावाच नव्हता. कोलंबियातल्या एका मच्छिमाराचं कुटुंब आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाकडे दाद मागायला गेलं आहे. आमचा माणूस मासे धरायला गेला होता, असं ते सांगतात.

ट्रम्प म्हणाले, उडवलेली प्रत्येक बोट पंचवीस हजार अमेरिकी जीव वाचवते. हिशेब करू. 2024 मध्ये अमेरिकेत ड्रग्जच्या अतिसेवनाने सुमारे 80 हजार माणसं मेली. म्हणजे चार बोटी उडवल्या की अमेरिकेतला ड्रग्जचा मृत्यू संपायला हवा होता. तीस बोटी उडवूनही तो संपलेला नाही.

संपणार तरी कसा? अमेरिकेत सर्वांत जास्त माणसं मारतं ते फेंटानिल. ते मेक्सिकोतल्या टोळ्या बनवतात, त्याची रसायनं मुख्यतः चीनमधून येतात, आणि तयार माल बहुतांशी अधिकृत सीमानाक्यांवरून मोटारींत लपवून आत जातो. पकडले जाणारे बहुतेक जण अमेरिकेचेच नागरिक असतात. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावरच्या बोटीचा आणि ओहायोत फेंटानिलने मेलेल्या तरुणाचा संबंध जोडायला नकाशा तरी बदलावा लागेल नाहीतर खोटं तरी बोलावं लागेल.

* * *

हे सगळं ट्रम्प यांच्या डोक्यातून निघालं, असं समजणं सोयीचं आहे. ते चूक आहे. मे 2012 मध्ये व्हाइट हाऊसमध्ये बराक ओबामा होते.

त्या महिन्याच्या 11 तारखेला, अंधार असतानाच, होंडुरासच्या मोस्कितिया भागात पातुका नदीतून एक प्रवासी नाव आहुआस गावाकडे येत होती. त्या भागात रस्ते जवळजवळ नाहीत, नदी हाच रस्ता. रात्रीचा प्रवास लोकांच्या अंगवळणी पडलेला. नावेत बायका होत्या, पोरं होती, सामान होतं. त्याच वेळी डीईएचं पथक आणि होंडुरासचे पोलीस हेलिकॉप्टरमधून कोकेनच्या मागावर होते. त्यांनी पकडलेली कोकेनची होडी इंजिन बंद पडून प्रवाहात वाहत होती आणि तिच्यावर त्यांचीच माणसं होती. प्रवासी नाव त्या होडीला येऊन धडकली. वरून मशीनगन सुरू झाली. दोन बायका, एक पुरुष आणि चौदा वर्षांचा एक मुलगा, असे चौघे मेले.

डीईएने सांगितलं, नावेतून आमच्यावर गोळीबार झाला, आणि कारवाई होंडुरासच्या पोलिसांची होती, आम्ही फक्त सल्लागार. पाच वर्षं हेच सांगितलं गेलं, अमेरिकेच्या काँग्रेसलासुद्धा. मे 2017 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याच्या आणि परराष्ट्र खात्याच्या महानिरीक्षकांचा संयुक्त अहवाल आला. नावेतून गोळीबार झाल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. सूत्रं डीईएच्या हातात होती. गोळीबाराचा आदेशही डीईएच्या माणसाने दिला होता. काँग्रेसला दिलेली माहिती चुकीची होती.

अहवाल अमेरिकेच्याच यंत्रणेने लिहिला, हे मान्य करायला हवं. पण चौदा वर्षांच्या पोराला तस्कर ठरवून पाच वर्षं काढली, हेही तितकंच खरं. 2012 ची नदी आणि 2025 चा समुद्र यांत एकच फरक आहे. तेव्हा खोटं बोलावं लागत होतं. आता उडवलेल्या बोटीची चित्रफीत अध्यक्ष स्वतःच्या हाताने प्रसिद्ध करतात.

* * *

आता बाब्यांची यादी.

पनामाचे मॅन्युएल नोरिएगा. वर्षानुवर्षं सीआयएचे पगारी. डीईएच्या प्रमुखांनी त्यांना सहकार्याबद्दल आभाराची पत्रं पाठवली होती. ड्रग्जच्या टोळ्यांशी त्यांचे संबंध आहेत, याची कुणकुण वॉशिंग्टनला फार आधीपासून होती. निकाराग्वातल्या डाव्या सरकारविरुद्ध ते कामाचे होते तोवर त्या कुणकुणीकडे काणाडोळा झाला. ऐकेनासे झाले, तेव्हा 1988 मध्ये फ्लोरिडात आरोपपत्र निघालं आणि 20 डिसेंबर 1989 रोजी वीस हजारांहून जास्त अमेरिकी सैनिक पनामात उतरले. लष्करी मुख्यालयाला लागून असलेली एल चोरिल्यो ही गरिबांची वस्ती, तिथली लाकडी घरं, जळून खाक झाली. शेकडो नागरिक मेले, हजारो बेघर झाले. एका आरोपीला पकडण्यासाठी. नोरिएगा यांनी शरणागती पत्करली ती तारीख 3 जानेवारी 1990. मादुरोंना उचललं त्याच्या बरोबर छत्तीस वर्षं आधी.

मेक्सिकोचे गेनारो गार्सिया लुना. 2006 ते 2012 या काळात देशाचे सुरक्षामंत्री. अध्यक्ष फेलिपे काल्देरॉन यांनी डिसेंबर 2006 मध्ये टोळ्यांविरुद्ध लष्कर रस्त्यावर उतरवलं, अमेरिकेने मेरिदा योजनेतून अब्जावधी डॉलरची मदत दिली, आणि त्या लढाईचा मेक्सिकोतला चेहरा होते गार्सिया लुना. वॉशिंग्टनमध्ये त्यांचं स्वागत होत होतं. फेब्रुवारी 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीने त्यांना दोषी ठरवलं. सिनालोआ टोळीकडून ते लाखो डॉलरची लाच खात होते. ऑक्टोबर 2024 मध्ये 38 वर्षांहून अधिक शिक्षा झाली. ज्या लढाईचा सेनापती शत्रूच्या पगारावर होता, त्या लढाईत मेक्सिकोत 2006 पासून चार लाखांहून जास्त खून झाले आणि लाखाहून अधिक माणसं बेपत्ता आहेत. आजही आया हातात फावडी घेऊन माळरानावर आपल्या लेकरांची हाडं शोधतात.

हर्नांडेझसुद्धा असेच लाडके होते. 2017 ची त्यांची फेरनिवड घोटाळ्याच्या आरोपांनी बरबटलेली होती. अमेरिकेने ती मान्य केली. सत्ता गेली आणि 2022 मध्ये त्यांचं प्रत्यर्पण झालं. 2025 मध्ये पुन्हा गरज लागली, आणि माफी मिळाली.

या तिघांच्या कहाणीतून एकच गोष्ट दिसते. ड्रग्जचा आरोप हा वॉशिंग्टनच्या हातातला लगाम आहे. ढिला कधी सोडायचा आणि ओढायचा कधी, हे कोकेनच्या वजनावर ठरत नाही.

* * *

शेतकऱ्याकडे वळू. या युद्धाचा सर्वांत जास्त मार त्यानेच खाल्ला आहे.

कोलंबियाचा दक्षिणेकडचा पुतुमायो प्रांत. दाट जंगल, पक्के रस्ते मोजके. केळी किंवा मका पिकवला तर बाजारापर्यंत न्यायचा भाडेखर्च मालाच्या किमतीहून जास्त होतो. कोकाचं तसं नाही. वर्षातून तीन-चार तोडण्या मिळतात. पानं बारीक कापायची, त्यात सिमेंट किंवा चुना मिसळायचा, पेट्रोलमध्ये भिजवायची, त्यातून लगदा काढायचा. क्विंटलभर पानांचा माल पिशवीत मावतो आणि तो न्यायला व्यापारी स्वतः दारात येतो. शेतकऱ्याच्या हातात पडतं ते पोटापुरतं. त्याच मालाची किंमत अमेरिकेत पोचेपर्यंत दहापटीहून अधिक होते आणि मधली सगळी मलई टोळ्यांची.

2000 मध्ये बिल क्लिंटन यांनी सव्वा अब्ज डॉलरहून मोठ्या रकमेची कोलंबिया योजना मंजूर करून घेतली. त्यातला मोठा वाटा लष्कराचा. विमानांतून ग्लायफोसेट हे तणनाशक मोठ्या प्रमाणावर फवारलं जाऊ लागलं. फवारा कोकावर पडला, तसा शेजारच्या केळीवर, कसाव्यावर, विहिरींवर आणि माणसांवरही पडला. सुक्याबरोबर ओलंही जळलं. सीमेपलीकडच्या इक्वेडोरने 2008 मध्ये कोलंबियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. 2013 मध्ये तडजोड झाली आणि कोलंबियाने दीड कोटी डॉलर दिले. औषध अमेरिकेचं, दंड कोलंबियाला. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ग्लायफोसेट बहुधा कर्करोगकारक असल्याचं म्हटलं आणि कोलंबियाने विमानातली फवारणी थांबवली.

फळ काय मिळालं? संयुक्त राष्ट्रांचे आकडे बोलतात. 2000 मध्ये कोलंबियात सुमारे 1 लाख 63 हजार हेक्टरवर कोका होता. 2013 मध्ये तो 48 हजारांवर आला, तेव्हा विजयाचे ढोल वाजले. 2023 मध्ये तो 2 लाख 53 हजार हेक्टरवर होता. तोवरचा उच्चांक.

या क्षेत्रातले अभ्यासक याला फुग्याचा परिणाम म्हणतात. एका बाजूने दाबा, हवा दुसरीकडे जाते. नव्वदच्या दशकात पेरूत विमानं पाडून कोकाचा व्यापार मोडला, लागवड कोलंबियात सरकली. ऐंशीच्या दशकात मायामीचा सागरी रस्ता अडवला, माल मेक्सिकोच्या जमिनीवरून जाऊ लागला. आज ज्या मेक्सिकन टोळ्यांना अमेरिका दहशतवादी म्हणते, त्यांना श्रीमंत केलं ते त्या नाकेबंदीने. मेक्सिकोत टोळीप्रमुख पकडायची मोहीम चालली, एकेका टोळीच्या दहा टोळ्या झाल्या. जुलै 2024 मध्ये सिनालोआचा म्होरक्या इस्माएल झांबादा अमेरिकेच्या हाती लागला. त्यानंतर सप्टेंबरपासून कुलियाकान शहरात त्याच्या आणि विरोधी गटाच्या लढाईत हजाराहून जास्त माणसं मेली. बातमी अमेरिकेत विजयाची होती. कुलियाकानमध्ये शाळा बंद होत्या.

* * *

कोकाच्या पानाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी.

बोलिव्हिया आणि पेरूच्या डोंगरांत लोक हे पान हजारो वर्षं चघळत आले आहेत. थकवा जातो, भूक मरते, उंचीवरचा त्रास कमी होतो. पूजेत ते आहे, लग्नात आहे, पाहुण्याच्या हातावर ठेवायला आहे. 1961 च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात हे चघळणं पंचवीस वर्षांत बंद करा, असं लिहिलं गेलं. मात्र त्याच करारात पानातलं मादक द्रव्य काढून टाकून उरलेला अर्क चवीसाठी वापरायला परवानगी ठेवली. आजही न्यू जर्सीतल्या मेवूड गावातला एक कारखाना सरकारी परवान्याने कोकाची पानं आयात करतो आणि त्याचा अर्क कोका-कोलाला जातो. आंदीजमधल्या म्हातारीने पान चघळलं तर करारभंग, कंपनीने टनांनी मागवलं तर व्यापार.

आपल्याला हे नीट समजायला हवं, कारण त्याच कराराच्या वाटाघाटींत भारताने भांगेसाठी आग्रह धरला होता. म्हणून करारातल्या व्याख्येतून गांजाच्या झाडाची नुसती पानं वगळली गेली, आणि महाशिवरात्रीची भांग आंतरराष्ट्रीय गुन्हा झाली नाही. भारत मोठा देश होता, त्याचं ऐकलं गेलं. बोलिव्हियाचं कुणी ऐकलं नाही.

त्या बोलिव्हियाने पुढे स्वतःच वाट काढली. कोका पिकवणाऱ्यांच्या संघटनेचे नेते एव्हो मोरालेस 2006 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. चापारे भागात प्रत्येक कुटुंबाला साधारण 1,600 चौरस मीटर कोका लावायची मुभा कायम झाली आणि जास्तीची लागवड होऊ न देण्याची जबाबदारी शेतकऱ्यांच्या संघटनांवर आली. 2008 मध्ये डीईएला देशाबाहेर काढलं. 2011 मध्ये बोलिव्हियाने 1961 चा करार सोडला आणि 2013 मध्ये पान चघळण्याचा हक्क राखून पुन्हा त्यात प्रवेश केला. बोलिव्हियातून कोकेन थांबलं, असं नाही. पण कोकाचं शेत उपटायला आलेले सैनिक आणि शेतकरी यांच्यातल्या ज्या चकमकींत दरवर्षी माणसं मरत होती, त्या ओसरल्या. माणूस जगला, हे यशच आहे.

* * *

आता आग जिथे आहे त्या रामेश्वरी जाऊ.

बंदुका. मेक्सिकोत कायदेशीर बंदूक विकणारी दुकानं लष्कराची आणि संख्येने एक-दोन. तिथल्या गुन्ह्यांतल्या ज्या बंदुकांचा माग लागतो, त्यातल्या बहुसंख्य अमेरिकेतून आलेल्या निघतात. टेक्सासमध्ये, ॲरिझोनात विकत घ्यायच्या, गाडीत टाकायच्या, दक्षिणेला न्यायच्या. मेक्सिकोने 2021 मध्ये अमेरिकी बंदूक कंपन्यांवर दावा लावला. जून 2025 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो फेटाळला, कारण 2005 चा अमेरिकी कायदा या कंपन्यांना संरक्षण देतो. कोकेनची बोट क्षेपणास्त्राने उडवायची आणि बंदुकांच्या कारखान्याला कायद्याचं कवच द्यायचं, हे अमेरिकेचं आजचं धोरण आहे.

बँका. 2012 मध्ये एचएसबीसी बँकेने कबूल केलं की मेक्सिको आणि कोलंबियातल्या टोळ्यांचा पैसा तिच्या खात्यांतून धुतला गेला. रक्कम किमान 88 कोटी डॉलर. टोळ्यांची माणसं रोकड भरायला येत ती खास खोक्यांतून. मेक्सिकोतल्या शाखांमधल्या कॅशियरच्या खिडकीत बरोबर बसतील अशा मापाची ती खोकी बनवून घेतलेली होती. बँकेने 190 कोटी डॉलर भरले आणि प्रकरण मिटलं. एकही अधिकारी तुरुंगात गेला नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

औषध कंपन्या. अमेरिकेत अफूजन्य गोळ्यांच्या व्यसनाची लाट कोणत्याही टोळीने आणली नाही. पर्ड्यू फार्मा या कंपनीने 1996 मध्ये ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणलं, व्यसनाचा धोका कमी असल्याचं डॉक्टरांना पटवलं, 2007 मध्ये आणि पुन्हा 2020 मध्ये गुन्हा कबूल केला. मालक असलेल्या सॅकलर कुटुंबातला कुणीही गजाआड गेला नाही. त्या गोळ्यांनी लावलेली चटक पुढे हेरॉइनने आणि नंतर फेंटानिलने भागवली.

आणि आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अमेरिकेत अतिसेवनाचे मृत्यू 2022 मध्ये एक लाख आठ हजारांच्या घरात होते. 2024 मध्ये ते 80 हजारांच्या आसपास आले. दोन वर्षांत सुमारे चौथा हिस्सा घट. त्या वेळी एकही बोट उडवलेली नव्हती, काराकास शाबूत होतं. या घटीची कारणं अनेक आहेत, पण त्यात नालोक्सोनचा वाटा मोठा मानला जातो. श्वास बंद पडत चाललेल्या माणसाच्या नाकात फवारायचं हे औषध 2023 पासून अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळतं. पोलिसांकडे असतं, ग्रंथालयात असतं, शेजाऱ्याच्या कपाटात असतं. व्यसनमुक्तीचे उपचारही वाढले. माणूस वाचतो तो अशाने.

* * *

समोरून प्रश्न येईल आणि तो रास्त आहे. टोळ्या क्रूर आहेत, सरकारं विकली गेली आहेत, मग अमेरिकेने हात बांधून बसायचं का?

नाही. पण काय चालत नाही, हे आता लपलेलं नाही. 2009 मध्ये ब्राझील, कोलंबिया आणि मेक्सिको या देशांच्या तीन माजी राष्ट्राध्यक्षांनी, कार्दोसो, गाविरिया आणि झेदियो यांनी, एकत्र येऊन सांगितलं की हे युद्ध फसलं आहे. गाविरिया यांच्याच कारकिर्दीत पाब्लो एस्कोबार मारला गेला होता. ज्याने सर्वांत मोठा तस्कर संपवला तो माणूस हे सांगतो, तेव्हा ऐकायला हवं. टोळ्यांच्या हिंसेने पोळलेल्या इक्वेडोरच्या जनतेनेही नोव्हेंबर 2025 च्या सार्वमतात परदेशी लष्करी तळांना नकार दिला. घर जळत असतानासुद्धा त्यांना हा बंब नको होता. कारण त्यांनी शेजाऱ्यांची घरं पाहिली आहेत.

मादुरोंना घुसून उचलून आणलं, असं कौतुकाने म्हणणारे आपल्याकडेही भेटतात. त्यांना एवढंच सांगायचं आहे. अमेरिका दरवर्षी ड्रग्जचे प्रमुख उत्पादक आणि वाहतूक करणारे देश म्हणून एक यादी जाहीर करते. सप्टेंबर 2025 च्या यादीत 23 देश आहेत. त्यात व्हेनेझुएला आहे, कोलंबिया आहे, आणि भारतही आहे. यादीत नाव असणं म्हणजे सरकार दोषी असं नाही, हे त्या यादीतच म्हटलेलं असतं. पण अशा आरोपाचा अर्थ वॉशिंग्टनमधला एक माणूस त्याच्या सोयीने लावतो, हे महिनाभरात दोन राष्ट्राध्यक्षांच्या बाबतीत दिसलं आहे. बळी तो कान पिळी, हा नियम एकदा मान्य केला की पुढचा कान कुणाचा, हे ठरवणं आपल्या हातात राहत नाही.

न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये, कॅलिफोर्नियात स्थायिक झालेली आणि तिथे मतदान करणारी हजारो मराठी माणसं आहेत. त्यांच्या शहरांतही फेंटानिलने पोरं मरतात. त्यांना कळकळीची विनंती आहे. तुमच्या लोकप्रतिनिधीला विचारा, आमच्या गावात व्यसनमुक्तीच्या उपचारासाठी किती दिवस थांबावं लागतं? सीमेवरच्या बंदूक दुकानांवर कोण लक्ष ठेवतं? टोळ्यांचे पैसे धुणाऱ्या बँकेचा एक तरी अधिकारी तुरुंगात का गेला नाही? आणि समुद्रात मारलेल्या माणसांची नावं सरकारकडे आहेत का?

या प्रश्नांची उत्तरं मागितली जात नाहीत, तोवर कोकेन येत राहील, फेंटानिल येत राहील, आणि मरतील ते नावेतले प्रवासी.